भुगा आधी वाचा, औषध मग आणा



वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की आपल्याकडे घरे आवरायला निघतात. पलंग सरकतात, कपाटे भिंतीपासून पुढे येतात, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. आणि मग कुठल्या तरी लाकडाखाली भुग्याची छोटीशी ढेरी दिसते. घरात एकच शब्द उमटतो, वाळवी. उर्दू बोलणाऱ्या घरात दीमक. त्यानंतर सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणी त्यावर रॉकेल ओतते, नाहीतर कुणी फोन करून सगळ्या घराला औषध मारून घेते. पहिल्या उपायाने किडा मरत नाही. दुसऱ्याची बहुतेक वेळा गरज नसते, आणि कधी कधी तो माणसाच्या जिवावर बेततो.

म्हणून या महिन्यात एवढेच सांगायचे आहे की तो भुगा झाडून टाकण्याआधी वाचा. लाकूड कोण खाते आहे हे त्यात लिहिलेले असते.

भुगा तीन प्रकारचा असतो. पहिला खरे तर भुगा नव्हेच, ती माती असते. भिंतीवर, चौकटीच्या कडेला, कपाटाच्या पाठीमागे मातीची बारीक नळी चढलेली दिसते. ही जमिनीतली वाळवी. तिचे घर मातीत असते, तिला ओलावा मातीतून लागतो, आणि एका वारुळात तिची संख्या लाखांत जाते. देहूरोड, तळेगाव, वडगाव या आपल्या पट्ट्यात घरांना लागणारी वाळवी बहुतेक हीच. तिच्यावर इलाज जमिनीत आणि पायाशी करावा लागतो. नुसते कपाट पुसून ती जात नाही.

दुसरा भुगा मैद्यासारखा असतो. बोटात घेतला तर टाल्कम पावडरसारखा मऊ लागतो. वर लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात. हा भुंगेरा, ज्याला उर्दूत घुन म्हणतात. तो लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या, कच्च्या भागात आणि बांबूत शिरतो, कारण तिथे पिठूळ अंश असतो. सागाच्या पक्क्या गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही.

तिसरा भुगा दाणेदार असतो. लांबून पाहिले तर खसखस सांडल्यासारखी वाटते. बोटात चोळला तर पीठ होत नाही, दाणे गोल गोल फिरतात. साध्या भिंगाखाली धरला तर प्रत्येक दाणा लांबट दिसतो, टोके गोलसर आणि बाजू सहा. लांबी मिलिमीटरभर, बहुधा त्याहून कमीच. ही कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा. या किड्याचा मातीशी काही संबंध नसतो. लाकडात आणि हवेत जो थोडा ओलावा असतो त्यावरच तो जगतो, म्हणून बाहेर टाकण्याआधी विष्ठेतले पाणी तो पिळून घेतो. दाणे इतके कोरडे आणि पैलूदार असण्याचे कारण हेच. साठलेला कचरा तो एका बारीक भोकातून बाहेर ढकलतो आणि भोक पुन्हा बुजवतो. वरून लाकूड शाबूत दिसते, पॉलिशही चकाकत असते. आत मात्र गल्ल्या झालेल्या असतात.

अंबियांच्या कथा ज्या घरात सांगितल्या जातात तिथे हे नवीन वाटणार नाही. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या वफातीचा प्रसंग सूरह सबामध्ये आला आहे. काठीच्या आधाराने उभा असलेला त्यांचा देह जमिनीवरच्या एका लहानशा जिवाने ती काठी कुरतडेपर्यंत तसाच राहिला, आणि कुणाला काही कळले नाही. तो जीव म्हणजे दीमक, असे मुफस्सिर सांगतात. बाहेरून उभे दिसणारे आतून पोखरलेले असू शकते, एवढे त्यातून आपल्या घरगुती कामापुरते घ्यायला हरकत नाही.

कोरड्या लाकडातली वाळवी दमट हवेची. आपल्या राज्यात ती मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर जास्त भेटते. पण ती लाकडाच्या आत राहत असल्यामुळे लाकूड जिथे जाते तिथे तीही जाते. कोकणातून घाट चढून आलेल्या सामानाबरोबर ती आपल्याकडे येते आणि इथल्या पावसाळी हवेत तग धरून राहते.

आमच्या शेजारच्या खालाजानकडे असेच झाले. त्यांचे माहेर मुरूडचे. आईच्या इंतकालानंतर तिची जहेजाची फणसाच्या लाकडाची पेटी ट्रकने देहूरोडला आली. वर्षभर ती बैठकीत होती. खालाजान रोज सकाळी तिच्याखालचे दाणे झाडायच्या आणि नातवाला रागवायच्या, “ये सूजी रोज कौन गिराता है?” एकदा नातवानेच ते दाणे कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे शाळेत आणले. भिंगाखाली धरल्यावर सहा बाजू त्यानेच मोजल्या.

तोवर घरात एक कंत्राटदार येऊन गेला होता. त्याने भुगा पाहिला नाही, पेटी उघडली नाही. दोन दिवस घर रिकामे करा, सगळीकडे धुरी देतो, म्हणाला. त्याने सांगितलेली रक्कम खालूजानच्या डेपोतल्या नोकरीच्या पेन्शनपेक्षा मोठी होती. पैशापेक्षाही मोठी अडचण दुसरी होती. त्यांचे घर कौलारू, दोन्ही बाजूंच्या घरांशी भिंत सामाईक, आणि वर आढ्यापाशी भिंत कौलांना टेकतच नाही. एका घरात कांद्याला फोडणी दिली तर तिन्ही घरांत वास जातो. पलीकडच्या घरात बाळंतीण होती, आणि खालाजानच्या त्याच नातवाला दमा आहे.

इथे धुरी म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. परदेशात, विशेषतः अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या राज्यांत, कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी अख्ख्या घरावर ताडपत्रीचा तंबू चढवतात आणि आत सल्फ्युरिल फ्लोराइड नावाचा वायू सोडतात. तिथली घरे सुटी असतात, मधे अंगण असते. घर हवाबंद होते, मोजमाप घेऊनच माणसांना परत आत सोडतात. आपल्याकडे चाळीत, बैठ्या घरांच्या रांगेत किंवा फ्लॅटमध्ये हे होत नाही. जे होते ते असे की धुरीच्या नावाखाली कुणी गव्हात ठेवायच्या गोळ्या आणून कपाटात आणि पलंगाखाली ठेवतो.

या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हा वायू दाराच्या फटीतून, वायरीच्या पाइपातून, कौलांखालून शेजारी जातो, आणि त्याच्या विषबाधेवर नेमका उतारा नाही. म्हणूनच अॅल्युमिनियम फॉस्फाइड आणि मिथाइल ब्रोमाइड ही दोन्ही औषधे आपल्या देशात निर्बंधित आहेत. सरकारी यंत्रणांनी किंवा मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोल चालकांनीच ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. राहत्या घरात कुणी गोळ्या ठेवायला निघाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. 2020 च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडी भागात घरी पेस्ट कंट्रोल करून घेतलेल्या एका दांपत्याचा मृत्यू झाल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली होती. किडा लाकडात असतो, पण श्वास माणसे घेत असतात. आणि शेजाऱ्याच्या हकाबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे ते मी नव्याने सांगायला नको.

धुरीची आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. वायू आतला किडा मारतो, पण मागे काहीच ठेवत नाही. घर मोकळे झाल्यावर पुढच्याच मोसमात नवी जोडी येऊन त्याच लाकडात शिरू शकते.

आता दिलासा देणारी बाजू. कोरड्या लाकडातल्या वाळवीची वसाहत लहान असते. काही शे, फार तर काही हजार किडे, तेही एका फळीत नाहीतर एका पायात. वाढही सावकाश, पंख असलेली पाखरे बाहेर पडायलाच काही वर्षे जातात. म्हणजे घाबरून आज रात्रीच काही करायचे नसते. महिनाभर शोध घ्यायला वेळ असतो, आणि जागा सापडली की इलाज तेवढ्याच जागी करता येतो.

खालाजानच्या घरात आम्ही काय केले ते क्रमाने सांगते.

शोध. आधी पेटी हलवून, ठोकून आतले जुने दाणे पाडले आणि सगळे झाडून घेतले. मग पेटीखाली, पलंगाखाली, दोन्ही कपाटांखाली आणि दाराच्या चौकटींपाशी काळा कार्डपेपर अंथरला. काळ्यावर दाणे लगेच दिसतात. नातवाने वहीत तारखा मांडल्या. आठ दिवसांत दाणे फक्त पेटीखाली पडले, तेही दोनच ठिकाणी. बाकीच्या लाकडांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिले. भरीव लाकूड टणक बोलते, पोकळ लाकूड मडक्यासारखे. घरात आजार नव्हता, आजार एका पेटीत होता. ज्या कामासाठी अख्खे घर रिकामे होणार होते ते काम दोन हातांच्या मापाचे निघाले.

काढून टाकणे. मिस्त्रींनी पेटी उलटी केली. तळाची एक फळी पार पोखरलेली होती. ती काढून त्याच दिवशी जाळली आणि नवी बसवली. जे लाकूड वाचण्यासारखे नाही त्यावर औषध खर्च करू नये.

उष्णता. हा उपाय आपल्याला जुनाट वाटतो, पण जगाचा व्यापार त्यावर चालतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या मालाची लाकडी पॅलेट पाहा. त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि बहुतेक वेळा ‘एचटी’ ही दोन अक्षरे डागलेली असतात. त्याचा अर्थ ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवले आहे. 2002 पासूनचा हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडातला किडा एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून तो केला.

मे महिन्यात आपल्या गच्चीवर बारीक फळीपुरती अशी भट्टी करता येते. पेटीच्या सुट्या फळ्या आणि झाकण आम्ही काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कडा दाबून, सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर ठेवले. खात्रीसाठी मिस्त्रींनी एका फळीच्या कडेला भोक पाडले आणि त्यात मी प्रयोगशाळेत वापरतात तसला थर्मामीटर बसवला. दुपारी दोनच्या सुमारास पारा 56 च्या वर गेला आणि तासभर तिथेच राहिला. चार दिवस फळ्या उलटसुलट करून हेच केले. लक्षात ठेवा, नुसत्या उन्हात ठेवलेले लाकूड वरून तापते, पण आत किडा मजेत राहतो. प्लास्टिक हवे, मोजमाप हवे, आणि फळी बारीक हवी. पॉलिश, विनियर किंवा शिंपल्याचे नक्षीकाम असेल तर हा उपाय करू नका, लाकूड तडकते.

थंडी. रहल, तसबीहची डबी, फोटोची चौकट अशा लहान वस्तूंना उलटा उपाय लागू पडतो. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, चिकटपट्टीने बंद करावी आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका गार होत नाही. ओळखीच्या दुकानदाराकडे सोय होऊ शकते. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव सुटून लाकूड फुगते.

टाकणखार. आपल्या घरांत ज्याला सुहागा म्हणतात तोच. बांबूचे काम करणारे सुहागा आणि बोरिक पावडर यांचे पाणी वापरतात. एक लिटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम सुहागा आणि 20 ग्रॅम बोरिक. पेटीच्या आतल्या आणि खालच्या बाजूचे लाकूड कच्चेच होते, तिथे पॉलिश पेपर मारून हे पाणी दोनदा लावले, मधे एक दिवस वाळू दिले. रंग किंवा पॉलिश असेल तिथे ते मुरत नाही. ज्या किड्याने असे लाकूड खाल्ले तो काही दिवसांत मरतो, आणि लाकूड भिजले नाही तर असर वर्षानुवर्षे टिकतो. पण हे पोटात गेले तर माणसालाही अपाय करते. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा, आणि पोळपाट, परात, मसाल्याचा डबा अशा खाण्याशी संबंध असलेल्या कुठल्याही वस्तूला लावू नका.

सुई. पेटीचा एक पाया जाड होता, त्यात ऊन पोहोचेना. तेवढ्यासाठी परवाना असलेला माणूस बोलावला. त्याने पायाला खालच्या बाजूने बारीक भोके पाडली, सुईने औषध आत सोडले आणि भोके मेणाने बुजवली. दहा मिनिटांचे काम, आणि तेही अंगणात. एका खोलीतही फवारा मारावा लागला नाही.

अशा माणसाला बोलावताना तीन गोष्टी विचारा. कृषी विभागाचा परवाना दाखवा. औषधाची बाटली लेबलसकट दाखवा. आणि किडा कोणता आहे, कुठे आहे, ते दाखवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर न देता जो थेट रक्कम सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

मिस्त्रींची मजुरी, एक फळी, सुहागा आणि त्या माणसाचे बिल, सगळे मिळून पहिल्या कंत्राटदाराने सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरले नाही. हे पैसे वाचवणे कंजुषी नव्हे. गरज नसताना केलेला खर्च इसराफ ठरतो, मग तो लग्नातला असो की औषधातला.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. जेवढे सापडले तेवढ्याचाच इलाज होतो. तुळई, वासे, दाराच्या चौकटी, अशा चार-पाच ठिकाणी दाणे पडत असतील, किंवा छताचे लाकूड दाबल्यावर दबत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तिथे प्रश्न छत पडण्याचा असतो. जाणकार मिस्त्री आणि परवानाधारक चालक, दोघांनाही एकत्र बोलावून पाहणी करून घ्या. तेव्हाही उपाय बहुधा लाकडात औषध भरणे आणि लाकूड बदलणे हाच असतो. मातीची नळी दिसली तर मात्र वेगळा मार्ग. बांधलेल्या घरातल्या जमिनीच्या वाळवीसाठी भारतीय मानक 6313 चा तिसरा भाग आहे, त्याप्रमाणे काम कराल का, असे विचारा.

पुन्हा लागण होऊ नये यासाठी एक साधी गोष्ट. आपल्याकडे फर्निचरची दिसणारी बाजू चकचकीत करतात आणि पाठ, तळ, पायाची खालची टोके कच्ची सोडतात. नवी जोडी नेमकी तिथून, सांध्याच्या फटीतून किंवा खिळ्याच्या भोकातून शिरते. नवे काम करून घेताना लाकडाच्या सहाही बाजूंना पॉलिश किंवा रंगाचा हात मारायला सांगा. जुनी भोके मेणाने बुजवा. जुने फर्निचर कुणाकडून घेतले किंवा वारशात आले, तर आठ दिवस काळ्या कागदावर ठेवा आणि मगच बैठकीत आणा.

खालाजानच्या पेटीखालचा कागद अजून तिथेच आहे. पहिला महिना आठवड्यातून एकदा पाहायचा, नंतर महिन्यातून एकदा, असे दोन पावसाळे तरी. एक पावसाळा कोरा गेला आहे. दुसरा दाराशी आला आहे. पेटीत आता त्यांच्या आईचे दुपट्टे पुन्हा घडी करून ठेवले आहेत, आणि वहीत तारीख टाकण्याचे काम नातू विसरत नाही. दमा असलेल्या त्या मुलाला या सगळ्यात एकही दिवस घर सोडून जावे लागले नाही.

येत्या रविवारी पलंग सरकवाल तेव्हा झाडूच्या आधी भिंग हातात घ्या. मुलांना जवळ बोलवा. माती, मैदा की खसखस, ते त्यांनाच ठरवू द्या. अल्लाह आपल्या सर्वांची घरे आणि घरातली माणसे सलामत ठेवो.